कारल्याचा कौल

"वाफ. परत वाफच. ह्या घरातलं तेल काय कुणाचा हात धरून पळून गेलं?"

तुआन हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हती. पण ती सुनेच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि दुकानामागची ती जागा इतकी चिंचोळी की तिथं स्वतःशी बोललेलंही दुसऱ्याच्या कानातच जायचं. एका अंगाला टॉवेल गरम करायची पेटी, दुसऱ्या अंगाला केस रंगवायच्या नळ्यांचं कपाट आणि मधल्या स्टुलावर विजेची हिरवी हंडी, झाकणाच्या कडेनं वाफ सोडत बसलेली.

"आई, मासा आहे," सूचिंग म्हणाली. "वर खारवलेली भोकरं घातलीत."

"मासा असेल. पण आपण मेलोय हे त्याला कुणी सांगितलंय का? तेलात पडला की माशाला कळतं. हा नुसता आंघोळ करून बसलाय."

सूचिंगनं पेटीतला गरम टॉवेल उचलला. उत्तर द्यायला लागलं तर दुकान कोण चालवणार? हिवाळ्यात सासूचा उजवा खांदा आखडला, हात वर जाईना, लोखंडी कढई उचलता येईना, तेव्हापासून सासू तिच्या हंडीतलं जेवत होती. खायची सगळं आणि नावंही ठेवायची सगळ्याला. वाडगा मात्र इतका लख्ख व्हायचा की धुवायचा की नुसता पुसायचा असा प्रश्न पडावा.

सूचिंगचं केसांचं दुकान युआनलिनच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत होतं. खाली दुकान, त्यावर घर आणि सगळ्यात वर, गच्चीला लागून, पितरांचा देव्हारा. दुकानात खुर्च्या तीन आणि माणूस एकच, ती. सकाळी कुलूप काढलं की रात्री पाय बादलीत बुडवेपर्यंत बसणं नाही. अशा बाईनं स्वैपाक कधी करायचा, असा प्रश्न लग्न होऊन आली तेव्हा सगळ्यांना पडला होता. तिनं तो हंडीवर सोपवला. हंडी माहेरची. इकडे पोरगी घराबाहेर पडली की आई तिच्यासोबत हंडी देते, मग पोरगी लग्नाला निघालेली असो की कॉलेजला. सूचिंगची स्वतःची मुलगी तैपेईला गेली, तेव्हा तिनंही तिला दिली.

हंडीला भिंती दोन. आतल्या भांड्यात अन्न, बाहेरच्यात पाणी. पाणी आटलं की खटका टक्कन वर उडतो, अन्न तयार. म्हणून स्वैपाकाला कुणी घड्याळ बघत नाही, पाण्याची वाटी बघतात. मासा अर्ध्या वाटीचा, भात एका वाटीचा, कोंबडीचा रस्सा दोन वाट्यांचा. सूचिंगच्या डोक्यात तर सगळा संसारच वाट्यांत बसला होता. डोकं धुणं अर्धी वाटी, केस रंगवणं दोन, कुरळे करणं तीन आणि वन्संचा फोन आला तर पाच.

गिऱ्हाइकं आधी वासानं चौकशी करायची, मग शिकायची. बँकेतली एक पोरगी तर केस कापायचं निमित्त काढून यायची.

"ताई, घरी पोचायला सात वाजतात. घरात तांदूळ, दोन अंडी आणि एक घोसाळं आहे. बाहेरून डबाच आणू ना?"

"डबा कशाला आणतेस? त्या डब्यात तळलेल्याशिवाय काय असतं? मान सरळ ठेव. तांदूळ धुऊन खाली ठेव. वर वाडग्यात अंडी, अंड्यांच्या दुप्पट पाणी, चिमूटभर मीठ. आणि झाकणाखाली एक चॉपस्टिक आडवी घाल."

"ती कशाला?"

"थोडी वाफ बाहेर पडायला नको? नाहीतर अंड्याच्या तोंडावर देवीचे वण उठतात. घोसाळं चिरून शेवटी टाक, त्याला फार शिजवू नकोस, ते रडून पाणी पाणी होतं. तू कपडे बदलून येशील तोवर खटका वर."

दुसऱ्या दिवशी पोरीनं अंड्याचा फोटो दाखवला. तळ्यासारखं गुळगुळीत. सूचिंगनं तो तीन गिऱ्हाइकांना दाखवला, जणू नातीचा फोटो. गल्लीतल्या निम्म्या घरांतली पोरं आता रताळ्याचा पाला खात होती, कारखान्यातून दमून येणाऱ्या बाया घरचं गरम जेवत होत्या, आणि ह्याचं श्रेय कुठल्या शाळेला नव्हतं की दवाखान्याला. ते हिरव्या हंडीला होतं. सूचिंग हे बोलून दाखवत नसे. पण हंडी पुसताना ती जरा जास्तच वेळ पुसायची.

फक्त एक माणूस हे मानायला तयार नव्हतं, आणि तेच माणूस घरात होतं.

तुआनचंही बरोबर होतं म्हणा. तिची कढई म्हणजे गल्लीची शान. डुकराची चरबी ती घरी कढवायची, अळकुड्यांचे गोळे त्यात तळायची, आणि तिचा मांसाचा लाल रस्सा असा की शेजारच्या लू मावशी म्हणायच्या, "तुआनबाई, तुमच्या रश्शानं माझा नवरा भोपळा झालाय, आता त्याला दारातून आडवा काढावा लागतो." गल्लीत लग्न निघालं की आचारी आधी रस्सा वाडग्यात घेऊन तुआनकडे यायचा. ती एक घोट घ्यायची, हनुवटी वर करायची आणि म्हणायची, "चालेल," किंवा म्हणायची, "पुन्हा कर." तिला हंडीतलं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण. "तिला रांधता येत नाही, तिला झाकण ठेवता येतं," असं ती सुनेबद्दल सांगायची, तेही सूनबाईच्याच खुर्चीत बसून, तिच्याकडून डोकं धुऊन घेताना.

ह्यावर सूचिंगला एक सणसणीत उत्तर देता आलं असतं. पण ते देता येत नव्हतं. त्याची गोष्ट अशी.

सासऱ्यांचं नाव किमसुई. उभा जन्म सरकारी बस चालवली, आणि निवृत्त होईतो डोक्यावरचा शेवटचा केसही निवृत्त झाला. एकदा छातीत कळ आली. दवाखान्यातून ते घरी न जाता थेट दुकानात आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. आरशात स्वतःकडे बघत म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, आतल्या नळ्या मोरीसारख्या तुंबल्यात. चरबी बंद, मीठ कमी, पाला जास्त. असंच चालू राहिलं तर नातीचं लग्न बघायचं विसरा म्हणाला."

"मग आईंना सांगूया."

"कोण सांगणार?"

दोघंही आरशात बघत राहिली. तुआनला चरबी कमी घाल म्हणणं म्हणजे देवळात जाऊन देवाला जरा सरकून बस म्हणण्यासारखं होतं. आणि बोलायचं ते एवढंच नव्हतं. त्याच्या पोटात दुसरं एक वाक्य होतं, जे दोघांनीही मनात येऊ दिलं नाही. ज्या हातानं जन्मभर प्रेमानं वाढलं, त्याच हातानं ह्या नळ्या तुंबल्या.

"तुझ्या त्या भांड्यात आज काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

त्या दिवशी कारलं होतं. पांढरं कारलं, मुरलेल्या अननसाच्या फोडी आणि कोंबडीचे चार तुकडे, दोन वाट्यांचं. पहिल्या घासाला त्यांचं तोंड असं झालं की जणू बस उलटी चालवायला सांगितली. पण वाडगा संपवला.

तेव्हापासून किमसुई रोज दुपारी दुकानात यायचे. वरून तुआन ओरडायची, "कुठं चाललास, म्हाताऱ्या?" आणि जिना उतरता उतरता ते सांगायचे, "केस कापायला." मागच्या पडद्याआड टॉवेलांच्या पेटीला टेकून बसायचे, मासा खायचे, पाला खायचे, टोफू खायचे. आणि कारल्याच्या दिवशी दुसरा वाडगा मागायचे. "जीभ म्हातारी झाली की तिची कडूशी मैत्री होते," म्हणायचे. संध्याकाळी घरी रश्शासमोर बसून दात दुखतात, पोट भरलंय, उकडतंय असलं काहीबाही पुटपुटायचे, आणि एक तुकडा चघळत बसायचे.

हे नवऱ्याला, योंगशूनला ठाऊक होतं. लू मावशींना ठाऊक होतं. आणि दुकानातल्या एकूण एक गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. इतक्या बाया, आणि एकही फुटली नाही. युआनलिनच्या इतिहासात असं पुन्हा होणे नाही.

नातीचं लग्न झालं नाही, पण ती कॉलेजला गेलेली त्यांनी पाहिली, तिची हंडी स्वतः उचलून गाडीत ठेवली. डॉक्टरनं घातलेली भीती जुनी होऊन विटली, डॉक्टर स्वतःच निवृत्त झाला. मग एका वसंतात किमसुई झोपेतच गेले, कुणाला उठवलंही नाही. त्यांच्यामागे गुपित तसंच राहिलं. ते सांगायची गरज संपली होती आणि सांगायची सोय तर कधीच नव्हती. गेलेल्या माणसाचं जेवण उकरून कोण काढणार?

त्यांच्या वर्षश्राद्धाला दरसाल तुआन कढईला उभी राहायची आणि देव्हाऱ्यापुढचं टेबल वाकेल एवढं रांधायची. ह्या वर्षी खांदा असा. वन्सं, म्हणजे तुआनची थोरली लेक बीश्या, ताइचुंगहून मुद्दाम बोलणी करायला आली.

"आईला जमणार नाही. मी चांगल्या हॉटेलातून सगळं मागवते. भारीतलं," वन्सं म्हणाली.

"मी करते, वन्सं," सूचिंग म्हणाली. तोंडातून गेलं आणि मग तिला कळलं की गेलं.

"तू? दुकान सोडून?"

"दुकान सोडून कशाला. हंडीत करते."

वन्संनी हसू दाबलं नाही. "बाबांना? हंडीतलं? सूचिंग, ते जेवायला येणार आहेत, तपासून घ्यायला नाही."

सूचिंगनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. सायकलींच्या कारखान्यात तो माल तपासायचा, एक वाकडी तारही त्याच्या नजरेतून सुटत नसे. पण घरात बायको आणि बहीण बोलत असल्या की त्याला एकदम दूरचं दिसायला लागायचं.

"करू दे तिला," तुआन अचानक म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "तो आहे ना सांगायला. नाही आवडलं तर कौलात सांगेल. नाही म्हणाला तर पुढच्या वर्षीपासून हॉटेल. मग मला कुणी बोलायचं नाही आणि तिनंही रडायचं नाही."

झालं. एवढी वर्षं हंडीची सगळ्या गल्लीनं तारीफ केली होती, पण ती जेवणाऱ्यांची तारीफ. ह्या घरात जे पितरांपुढं ठेवता येतं तेच जेवण, बाकी सगळी पोटभरी. सूचिंगला एकदाच, फक्त एकदाच, आपल्या हातचं तिथं वर ठेवलेलं पाहायचं होतं. आणि ते तिथं टिकलेलंही.

श्राद्धाच्या दिवशी दुकान बंद ठेवता आलं नाही. पालिकेतल्या एका बाईंच्या मुलाचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं, त्यांना केस कुरळे करून द्यायचा शब्द दिलेला. तीन वाट्यांचं काम. सूचिंगनं लू मावशींची लाल हंडी आणली, बँकेतल्या पोरीनं आपली पांढरी आणून दिली, आणि पहाटे बाजार करून तिनं तिन्ही ओळीनं मांडल्या. हिरवीत आल्याचे काप लावलेली अख्खी कोंबडी. लालमध्ये मासा, वर भोकरं. पांढरीत टोफू, त्यावर कोळंबी. एक उतरलं की दुसरं चढायचं. भोपळा, अळकुड्या, शिटाके अळंबी, अंडं. एका हातात कंगवा, एका हातात चिमटा. पालिकेतल्या बाईंच्या डोक्यावर गुंडाळ्या चढत होत्या, आणि मागे खटके उडत होते, टक्, टक्.

"तुमचं डोकं अर्धं झालं," ती बाईंना सांगायची.

"आणि कोंबडी?"

"कोंबडी तुमच्या पुढं आहे."

मग तिनं बाईंच्या डोक्यावर गरम हवेची टोपी उतरवली, बटण दाबलं आणि सगळं दुकान गप्प झालं. दिवे गेले, टोपी गेली, तिन्ही हंड्यांचे लाल डोळे मिटले. फ्यूज.

"माझे केस," बाई अंधारातून शांतपणे म्हणाल्या. त्या पालिकेतल्या, त्यांना वीज जाण्याची सवय होती.

लू मावशी धावत आल्या, पांढरी हंडी टोफूसकट कडेवर मारली आणि आपल्या घरी नेऊन लावली. मग एक फेरी अंड्याची, एक फेरी भोपळ्याची. चॉपस्टिक झाकणाखाली ठेवायला विसरू नका, असं सूचिंग खिडकीतून ओरडत होती आणि तिकडून मावशी, "माझं लग्न तुझ्या जन्माआधी झालंय," असं उत्तर देत होत्या.

फ्यूज बसला, राहिलेलं शिजून उतरलं आणि हिरवी हंडी मोकळी झाली. सूचिंगनं त्यात शेवटचं भांडं ठेवलं, बाहेर दोन वाट्या पाणी ओतलं, खटका दाबला आणि गुंडाळ्या सोडायला पळाली. काय ठेवलं ते हातांना माहीत होतं. तिनं ते पहाटेच घेतलं होतं. बाजारात मोसमातली पहिली पांढरी कारली दिसली, तिनं दोन उचलली, शेजारच्या दुकानातून मुरलेला अननस घेतला, आणि पिशवी जड झाली म्हणून खांदा बदलला. विचार करून केलं असतं तर तिनं ते केलंच नसतं.

दुपारी देव्हाऱ्यापुढं टेबल भरलं. लाल चादर, भात, चॉपस्टिक, दारूचे छोटे पेले, आणि मधोमध वाडगेच वाडगे, सगळे वाफाळते. तेलाचा तवंग कुठंच नाही, म्हणून रंग कसे उघडे दिसत होते. भोपळा भोपळ्याच्या रंगाचा, कोळंबी कोळंबीच्या. सूचिंग कपाळावरचे केस मागं सारून क्षणभर नुसती बघत राहिली. ह्यातला एकही वाडगा तिला लपवावासा वाटला नाही. तुआन भिंतीलगतच्या खुर्चीत बसून होती आणि तीही बघत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आचाऱ्यांनाही कळायचं नाही.

"हे काय आहे?" वन्सं म्हणाली.

सूचिंगनं पाहिलं. हातांनी काय केलं ते डोळ्यांना आता दिसलं.

"कारलं? पितरांपुढं कारलं? अगं, रस्त्यातल्या पोरालाही विचार, कारलं कुणी ठेवतं का? पुढच्या पिढीच्या ताटात कडू वाढायचंय का तुला?" वन्सं वाडग्याकडे असं बघत होती जसा त्यात विंचू असावा. "आणि बाबा. बाबांनी जन्मात कधी कारल्याला हात लावला नाही. वासानं उठून जायचे."

योंगशून उदबत्त्या मोजायला लागला. शेवटचा वाडगा घेऊन वर आलेल्या लू मावशींना छताचा रंग एकदम आवडला. सूचिंगच्या जिभेवर उत्तर आलं, आणि तिनं ते परत गिळलं. वाडगा तिनं उचलला आणि बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवला.

उदबत्त्या लावल्या. वाकून नमस्कार झाले. उदबत्ती निम्मी होईतो सगळे थांबले, म्हाताऱ्या माणसाला जेवायला वेळ लागतो. मग योंगशूननं चंद्रकोरीसारखे कौलाचे दोन लाल लाकडी ठोकळे उचलले. प्रत्येकाची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट वर आले, तर पितर हसतायत, म्हणजे पुन्हा विचारायचं.

"बाबा, जेवण झालं का तुमचं? आम्ही वाढून घेऊ का?"

ठोकळे खडखडत पडले. दोन्ही फुगीर.

"सावकाश जेवताहेत," लू मावशी म्हणाल्या.

आणखी थोडं थांबले. पुन्हा टाकले. दोन्ही सपाट, फरशीवर डुलत राहिले.

"हसतायत," वन्सं म्हणाली. "टेबल बघून हसू येणारच."

तिसऱ्यांदा योंगशूननं ठोकळे दोन्ही तळव्यांत बराच वेळ धरले, जसे कारखान्यात तो एखादा शंकेचा भाग धरायचा. टाकले. नकार.

"मी म्हटलं होतं," वन्सं म्हणाली, आणि तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता, हेच जास्त लागलं. "सूचिंग, तू खूप केलंस. पण जन्मभर आईच्या हातचं खाल्लेला माणूस तो. त्याला हे आजाऱ्याचं जेवण कसं गोड लागावं? जाऊ दे. पुढच्या वर्षी हॉटेल."

सूचिंग टेबलाकडे बघत होती. खाली पालिकेतल्या बाई कुरळ्या डोक्यानं वाट बघत होत्या, अंड्यावरची वाफ विरत होती, आणि तिला फक्त एवढंच वाटत होतं की आपण रडायचं नाही, तसं ठरलं होतं. पडद्याआड दुसरा वाडगा मागणारा तो टकला माणूस तिला लख्ख दिसत होता. एक शब्द, बास. पण तो शब्द खुर्चीत बसलेल्या म्हातारीच्या छातीतून आरपार जाणार होता. सूचिंगनं एप्रनला हात पुसले आणि वाडगे आवरायला पुढं झाली.

"हात नको लावूस," तुआन म्हणाली.

ती उठली. गुडघे कुरकुरले. ती जिन्यापर्यंत गेली, खाली वाकून डाव्या हातानं कारल्याचा वाडगा उचलला.

"आई, गरम आहे."

"माझे हात कढईनं भाजून काढलेत, तुझ्या वाफेला काय भितात." तिनं कोंबडीची परात कोपरानं बाजूला सारली आणि कारलं बरोबर फोटोसमोर ठेवलं.

"आई, अगं, पितरांपुढं…"

"तुझ्या बापाचं आहे. त्याला बघू दे."

"बाबा कारलं खात नव्हते."

"घरात खात नव्हता."

तुआन लू मावशींकडे वळली.

"ए लू, रोज संध्याकाळी तुझ्या घरी माझ्या रश्शाचा वाडगा यायचा. का यायचा, काय वाटलं तुला? मला तुझ्या नवऱ्याचा पुळका होता?"

"मला वाटलं, जास्त होतंय," मावशी बारीक आवाजात म्हणाल्या.

"रोज जास्त होत नसतं. मी रांधणारी बाई आहे, मला अंदाज असतो." मग ती फोटोकडे वळली. फोटोत किमसुई बसचालकाची टोपी घालून बसले होते, कारण तेवढ्याच एका फोटोत ते देखणे दिसत होते. "आणि तू हसतोयस होय? हस. डोक्यावर केस नाही एक, आणि रोज दुपारी म्हणे केस कापायला चाललो. मी काय आंधळी होते?"

योंगशून फरशीवरचे ठोकळे गोळा करत होता, ते हातातून निसटले आणि कुठं तरी टेबलाखाली गेले. कुणी बघायलाही वाकलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" सूचिंगनं विचारलं. "आई, मग बोलला का नाहीत कधी? एवढी वर्षं मला झाकण ठेवणारी म्हणालात."

"ते मी अजूनही म्हणणार. आणि काय बोलायचं होतं? चोरून खाल्ल्याशिवाय पुरुषाच्या घशाखाली पाला उतरतो का? मी खा म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी सोडलं असतं त्यानं. म्हणून रोज रस्सा रांधला, रोज समोर ठेवला. त्याला नको म्हणायला काहीतरी हवं होतं ना." तिचा श्वास जरा लागला. तिनं टेबलाच्या कडेला हात टेकला. "दवाखान्याचा कागद मला त्याच्या विजारीच्या खिशात मिळाला होता. धुणं कोण धुतं ह्या घरात?"

"आई, बस जरा," वन्सं म्हणाली. आता तिचा आवाज लहान मुलीचा झाला होता. "ते जाऊ दे. हे बोलायची काही गरज नाही."

"आहे. सगळे मिळून किती वर्षं गप्प बसलात, मला जपायला. तोंडं दुखली नाहीत तुमची?"

तुआननं आखडलेला खांदा होईल तेवढा सरळ केला. मग तिनं चॉपस्टिक उचलली, कारल्याची एक फोड तोंडात घातली, पितरांच्या आधी, सगळ्यांसमोर, आणि सावकाश चावली. हनुवटी वर गेली. गल्लीतले आचारी ज्या क्षणाची धास्ती घ्यायचे, तो क्षण.

"चालेल," ती म्हणाली.

मग तिनं सुनेचा हात आपल्या डाव्या हातात घट्ट धरला आणि लेकीकडे तोंड करून, खाली दुकानातही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"नीट ऐक, बीश्या, आणि ताइचुंगला गेलीस की सगळ्यांना सांग. माझ्या हातचं खात राहिला असता तर तुझा बाप तेव्हाच गेला असता. तो जगला, तो हिच्या हातचं खाऊन."